चौदा नंबर

३ फेब्रुवारी

कंपनीने दिलेली डायरी कंपनीसाठी. तिच्यात किती फूट, किती पोती, किती माणसं एवढंच भरायचं आणि शनिवारी साहेबांकडे पाठवायचं. ही वही मात्र माझी. हिच्यात मला वाटेल ते लिहीन आणि कुणाला हात लावू देणार नाही.

तर काम माझ्याकडे आलं. जुन्या तेलक्षेत्रातल्या तेवीसच्या तेवीस विहिरी कायमच्या बंद करायच्या, जमीन साफ करायची आणि जूनअखेर तळ्याकाठचा सगळा पट्टा पाणथळ विभागाच्या हवाली करायचा. साहेबांनी विचारलं, जमेल ना? मी म्हटलं, मेमध्येच देते. बोलून गेले. वीस वर्षं हेच करतेय. मला येतं ते.

तेल संपलं म्हणजे विहीर संपली असं लोकांना वाटतं. जमिनीत हजार-दीड हजार फूट गेलेली लोखंडी नळी तशीच राहते, आणि तिच्यातून वायू आणि खारं पाणी आपल्या सवडीने वर येत राहतं. म्हणून आत अडकलेलं सगळं बाहेर काढायचं, तळापासून सिमेंट भरायचं, दाब देऊन तपासायचं आणि मग तोंड कापून वर लोखंडी झाकण वेल्ड करायचं. सरळ काम. फक्त आधी विहीर सापडावी लागते.

वीस सापडल्या आहेत. सहा, अकरा आणि चौदा यांचा पत्ता नाही. जुने नकाशे रेकॉर्ड रूमच्या गळक्या छपराखाली भिजून त्यांचा लगदा झाला. उरली आहे एक यादी, विहिरीमागे एक ओळ. ‘चौदा : नाल्याच्या पूर्वेस, साठ पावले. बंद केली.’ बस्स.

मला काळजी नाही. नकाशा माझ्या घरात बसलाय आणि रोज माझ्या हातचा चहा पितो.

५ फेब्रुवारी

नकाशा म्हणजे अप्पा, माझे सासरे. या क्षेत्रावर एकतीस वर्षं ड्रिलर होते, पुढे पाळीप्रमुख. आता अठ्ठ्याहत्तर पूर्ण. गुडघे गेलेत, आवाज आहे तसाच आहे, यंत्रावर मात करायची सवय असलेला. आम्ही राहतो तेही कंपनीच्या जुन्या कामगार वसाहतीतच, शेवटच्या रांगेतलं शेवटचं घर. सासूबाई जाईपर्यंत सांगायच्या की यांना पुढच्या रांगेत मोठं घर मिळत होतं, दारात दिवा, मागे पेरूची झाडं, आणि या हट्टी माणसाने स्वतः मागून हे घेतलं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या. अप्पा ऐकून घ्यायचे.

रात्रीच्या जेवणाआधी यादी त्यांच्यापुढे ठेवली. चष्मा लावून एकेक ओळ बोटाने वाचली. सहा दाखवतो म्हणाले. अकरा दाखवतो म्हणाले. चौदाचं विचारलं तर म्हणाले, बघू. माणूस किती जबाबदारीने बोलतो बघा. नाहीतर आमच्या ऑफिसात कुणीही काहीही ठोकून देतं.

८ फेब्रुवारी

सहा सापडली. चाळीस मिनिटांत!

अप्पांना जीपमध्ये पुढे बसवलं, मागे प्लास्टिकची खुर्ची. साइटवर पोचल्यापासून ते मला ‘मॅडम’ आणि ‘तुम्ही’ म्हणत होते. घरी मी ‘तू’. कामावर काम, असं त्यांचं म्हणणं. आमच्या मुकादमाला ते फार आवडलं. मुकादम सहा फूट तीन इंच, सगळे त्याला खांब म्हणतात, आणि खांब सहसा कुणाला वाकत नाही. अप्पांची खुर्ची तो स्वतः उचलून फिरत होता.

जुन्या बॉयलरचा चौथरा अजून आहे. अप्पांनी त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून मान वळवली, मुकादमाला एकशे दहा पावलं टाकायला लावली, मग म्हणाले, तुझे पाय लांब आहेत, सहा पावलं मागे ये. तिथे आमचं यंत्र लावलं. जमिनीखालचं लोखंड लागलं की ते कुईं करतं, म्हणून पोरं त्याला कुत्रा म्हणतात. कुत्रा पेटलाच. चार फुटांवर नळीचं तोंड.

साहेबांना फोन केला. मेमध्ये देते म्हटलं ते उगाच नाही.

१५ फेब्रुवारी

अकरा लव्हाळ्यात आहे. अप्पांनी काठावरूनच दाखवली. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग आहे तिथे. पण चारी बाजूंनी पक्ष्यांची घरटी, म्हणून पाणथळ विभागाच्या बाई आल्या. बारीकशा, गमबूट घातलेल्या, दर दोन वाक्यांनी खाली वाकून काहीतरी उचलणाऱ्या. म्हणाल्या, पिल्लं उडेपर्यंत यंत्र आत येणार नाही. मी विचारलं, उडणार कधी? त्या म्हणाल्या, ते पिल्लांना विचारा.

मी भांडले. मग हिशेब मांडला : तोवर बाकीच्या उरकता येतात. भांडण सोडलं. बाई हुशार आहेत, पण मला तसं त्यांच्यासमोर म्हणायचं नाही.

२७ फेब्रुवारी

चौदाचे दोन दिवस फुकट गेले. नाल्याच्या पूर्वेला, गवताळ माळावर अप्पांनी एक जागा दाखवली. कुत्रा मुका. मग आणखी पुढची जागा, तिथेही काही नाही. तिसऱ्या जागेला अप्पा म्हणाले, मॅडम, चौदा कोरडीच होती, तिच्यामागे वेळ घालवू नका. मी म्हटलं, कोरडी असो वा ओली, तेवीस म्हणजे तेवीस.

मला वाईट वाटलं. एवढा कसबी माणूस, आणि आता डोक्यातली पानं गळायला लागली.

३ मार्च

मुकादमाने आज विचारलं, मॅडम, नाला पहिल्यापासून इथूनच वाहतो का? वसाहत बांधताना असे नाले वळवतात. प्रश्न चांगला होता. संध्याकाळी अप्पांना विचारलं. म्हणाले, नाला तो नालाच, तो कुठे जाणार? मग लगेच उठून अंगणात गेले.

आठवत नसलं की माणूस असाच चिडचिडा होतो. मी वाचलंय.

१० मार्च

हे लिहायला बरं वाटत नाही, पण लिहून ठेवते. रोज सकाळी अप्पा मागच्या अंगणात जातात आणि रिकाम्या मातीवर तांब्याभर पाणी ओततात. पडवीच्या पायरीपासून पाचेक पावलांवर एक उघडा तुकडा आहे, दोन खाटांएवढा. तिथे काहीही लावलं तरी मरतं. त्या मातीला पाणी घालतात आणि वाकून बघत बसतात. काय बघता म्हणून विचारलं तर म्हणाले, पाणी जिरतंय का बघतो.

सरांना सांगितलं. सर म्हणजे माझा नवरा; शाळेत गणित शिकवतो, गावभर त्याला सर म्हणतात, म्हणून मीही म्हणते, भांडण असलं की जास्तच. तो म्हणाला, बाबा हे मला आठवतंय तेव्हापासून करतात. मी म्हटलं, म्हणजे लक्षणं जुनी आहेत.

डॉक्टरांकडे नेलंच. त्यांनी घड्याळ काढायला सांगितलं. अप्पांनी गोल काढला, बारा आकडे अचूक भरले, काटे काढले आणि डॉक्टरांना विचारलं, सेकंदकाटाही हवा का? डॉक्टर म्हणे, वयाच्या मानाने उत्तम. डॉक्टरांना काय, पाच मिनिटं बघतात.

१९ मार्च

पाणथळवाल्या बाई घरी आल्या होत्या, घरट्यांची यादी द्यायला. चहा घेता घेता मागच्या अंगणात गेल्या. सवयच ती, वाकल्याच. चिमूटभर माती बोटांवर चोळून वास घेतला आणि अप्पांना विचारलं, इथे काही उगवत नाही का? अप्पा म्हणाले, खारट आहे जमीन. बाई म्हणाल्या, एवढ्याच तुकड्यात? अप्पांनी त्यांना आणखी चहा विचारला.

बारा विहिरी बंद झाल्या. वेळापत्रकाच्या चार दिवस पुढे आहोत. काल शेवटचा चालू पंपही थांबवला. इतकी वर्षं मान खालीवर करत होता, तो मान वर असतानाच थांबला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मीही.

२८ मार्च

आनंदाची बातमी. लेकीला इथल्या रुग्णालयात नर्सची नोकरी लागली. मेपासून घरी! तिची एकच अट : स्वतःची खोली, दार लागणारी. मी ताबडतोब ठरवलं की मागची पडवी बंद करून घ्यायची. तीन बाजूंनी भिंत, एक खिडकी, खाली गुळगुळीत फरशी.

अप्पा नाही म्हणाले. का, तर पडवी उघडीच हवी. स्वतः बारा महिने तिथेच झोपतात, थंडीतसुद्धा, हे ठाऊक आहे. म्हणून मी म्हटलं, तुम्ही पुढच्या खोलीत झोपा, उबेत. तर म्हणे, माझी खोली तिला द्या, मला पडवी पुरे, पण भिंत नको. त्यावरून बराच वेळ शब्दाला शब्द. सर दोघांच्या मध्ये वही तपासत बसला होता.

घर काही एकट्याच्या सवयींवर चालत नाही. गवंडी सांगून टाकला.

४ एप्रिल

सकाळी माझी साइटची पिशवी पडवीत टांगलेली होती. हवेत वायू लागला की वाजणारा आतला वायुमापक दोनदा टीं टीं करून गप्प झाला. स्वयंपाकघरात धावले. सरांनी चहा केला होता आणि शेगडीचं बटण नीट बंद केलं नव्हतं, असा माझा संशय. तो शपथ घेऊन सांगतो की केलं होतं. चांगलं सुनावलं. गणिताच्या माणसाला बंद आणि अर्धवट बंद यांतला फरक कळू नये?

अप्पा दारात उभे राहून ऐकत होते.

९ एप्रिल

पिल्लं उडाली. बाईंनी स्वतः फोन केला. आवाजावरून वाटलं की त्याच उडाल्या आहेत. उद्यापासून अकरा. सतरा झाल्या, अकरा धरून बाकी सहा, त्यात चौदा बेपत्ता. साहेब म्हणतात, चौदा सापडली नाही तर ‘आढळली नाही’ लिहा. लिहीनही. पण मला ते शब्द आवडत नाहीत.

१६ एप्रिल

नीट लिहायचंय, म्हणून टेबलाशी बसून लिहितेय.

गवंडी सकाळी आला. दुपारी मी जेवायला घरी आले तर काम बंद. गवंडी रस्त्यावर, तोंड फुगवून. त्याने पडवीत बसून विडी काढली, काडी ओढणार तोच म्हाताऱ्याने पेटी हातातून हिसकली आणि हाताला धरून बाहेर काढलं, असं त्याचं म्हणणं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, गुडघे गेलेल्या माणसाने.

अप्पा पडवीच्या पायरीवर बसले होते, काडेपेटी मुठीत. मी शेजारी बसले आणि लहान मुलाशी बोलतात तसं बोलायला लागले. तुम्हाला त्रास होतोय हे आम्हाला कळतं, उपाय असतात, आपण मोठ्या डॉक्टरांना दाखवू. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पडवीच्या खांबाला धरून उठले.

“मॅडम,” म्हणाले, “चौदा नंबर दाखवतो.”

घरात त्यांनी मला कधी मॅडम म्हटलेलं नाही.

पायऱ्या उतरले. पाच पावलं चालले आणि त्या उघड्या मातीवर उभे राहिले.

“इथे. सहा फूट खाली. वर भर घातली आहे.”

मी उठलेच नाही. ते तिथे उभ्याउभ्या सांगत होते, अहवाल देतात तसं. सेहेचाळीस वर्षांपूर्वी चौदा बंद करताना आतली नळी दोनशे बारा फुटांवर तुटली आणि खालचा तुकडा अडकून बसला. तो काढल्याशिवाय सिमेंट खाली जाईना, आणि काढायला आठ-दहा दिवस तरी लागणार होते. तिसऱ्या दिवशी रुग्णालयातून निरोप आला. सासूबाई बाळंतपणात अडल्या होत्या. दोघांतलं कुणी वाचेल सांगता येत नाही म्हणून. पाळीप्रमुखाने जागा सोडायची नाही असा नियम. विहीर बंद झाली असली तर सोडता येते. त्यांनी नळीत लाकडी ओंडका ठोकला, वर दगडगोटे, त्यावर दोन पोती सिमेंट, आणि रजिस्टरमध्ये सही केली : बंद केली. मग सायकल काढली. दोघंही वाचले. परत आल्यावर पुन्हा उकरून नीट करायचं असं ठरवलं होतं. तोवर खोदकामाचा मनोरा दुसरीकडे हलला होता आणि साहेबाने पाठ थोपटली होती.

सहा वर्षांनी वसाहत वाढली. नाला वळवला आणि शेवटची रांग नेमकी इथे आली.

“कुणीतरी राहणारच होतं इथे,” अप्पा म्हणाले. “म्हटलं, मग आपणच राहावं.”

रोजचं तांब्याभर पाणी हे बुडबुडे बघायला. उघडी पडवी हवा खेळायला. पडवीत दिवा नाही, चूल नाही, चाळीस वर्षं. गेल्या वर्षापर्यंत एखाददुसरा बुडबुडा यायचा. या जानेवारीपासून वाढलेत.

मी विचारलं, इतकी वर्षं सांगितलं का नाही?

“आधी नोकरीची भीती. नोकरी सुटल्यावर तुझ्या सासूची. या घराने माझा जन्म खाल्ला म्हणायची ती. तिला काय सांगू?”

वायुमापक आणून पायरीखालच्या भेगेपाशी धरला. तो ओरडायला लागला आणि थांबेचना. उघड्यावर धोका नाही. पण त्याच भेगेवर मी चार भिंती बांधून, दार लावून, माझी पोर झोपवणार होते. आणि चार तारखेला हाच मापक टीं टीं करत होता तेव्हा मी, वीस वर्षांचा अनुभव असलेली बाई, नवऱ्यावर ओरडत होते.



१७ एप्रिल

काल संध्याकाळीच आम्ही पुढच्या रांगेत मुकादमाच्या बहिणीच्या दोन खोल्यांत हललो. शेजारच्या घरालाही उठवलं. वीज तोडली, मागे दोरी बांधली, पाट्या लावल्या. ही कामं मला डोळे मिटून येतात.

सर अजून अप्पांशी बोलत नाही. मला वाटलं होतं तो विरघळेल. शेवटी त्याच्याचसाठी तर बाप सायकलवर पळाला. तसं मी म्हटलंही. तो म्हणाला, “माझ्यासाठी पळाले ते ठीक. आईला सांगायला हवं होतं. ती त्यांना हट्टी म्हणत गेली.”

चूक नाही त्याचं.

लेकीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, मी पहिल्या आठवड्यात येणार म्हणजे येणार, जमिनीवर झोपेन. नर्स होणारी माणसं वेगळीच असतात.

१९ एप्रिल

साहेब येऊन जागा बघून गेले. त्यांनी तोडगा काढला : पायरीपाशी एक उंच नळी उभी करायची, वायू वर उडून जाईल, आणि ‘नियंत्रित’ असं लिहायचं. कारण मनोरा अंगणात आणायचा तर घराची मागची अर्धी बाजू पाडावी लागेल. त्यांना वाटलं, मी आभार मानेन.

मी म्हटलं, साहेब, एकदा ओंडका ठोकून झालाय. दुसरा मी ठोकणार नाही. आणि त्या घरात राहणारी मी आहे. पाडायला माझी ना नाही, तर तुम्ही कशाला अडता?

अप्पांना आणि सरांना मी अजून विचारलं नव्हतं, हे खरं. दोघंही मागे उभे होते. सर पुढे आला आणि म्हणाला, “आमची ना नाही.” आमची म्हणाला.

एक अट मीच घातली. विहीर माझ्या अंगणातली, चूक माझ्या सासऱ्यांची, तेव्हा तपासणीवर बाहेरचं माणूस हवं. पाणथळवाल्या बाईंना साक्षीदार केलं. त्या गमबूट घालून हजर.

२६ एप्रिल

घर पाडलं. म्हणजे पडवी, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. सकाळी आठला सुरू झालं, अकराला संपलं. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही, कारण मनोऱ्याचा ट्रक वळेना आणि मी ओरडण्यात गुंतले होते. लव्हाळ्यातल्या अकराचं सिमेंट त्याच दिवशी बसलं. एक दार बंद, एक उघडं.

साहेबांच्या अहवालात मी ‘तत्कालीन पाळीप्रमुख’ असं लिहिलं होतं. अप्पांनी वाचायला मागितलं. तिथे बोट ठेवून विचारलं, हा कोण? मी म्हटलं, तुम्हीच. म्हणाले, मग नाव घाल. घातलं. चार तारखेच्या मापकाचंही लिहिलं, माझ्या नावासकट.

६ मे

ओंडका निघाला. काळा, वास मारणारा, पण अख्खा. पोरांनी तो बघायला गर्दी केली. अप्पांनी एकदाच बघितला आणि म्हणाले, बाजूला टाका, वाटेत येतोय.

आता खरं काम, अडकलेला तुकडा. विहिरीत पडलेलं काही वर ओढायचं त्याला आमच्यात मासेमारी म्हणतात. खाली आकडा सोडायचा, माशाच्या, म्हणजे अडकलेल्या तुकड्याच्या, तोंडावर बसवायचा, हळूहळू ओढायचं. दिसत काहीच नाही, सगळं हाताला कळतं.

आज चार वेळा आकडा निसटला.

९ मे

आजही नाही. लेक आली. सामान टाकून थेट साइटवर. आजोबांच्या खुर्चीशेजारी उभी राहून विचारत होती, आकडा कसा बसतो ते. ते तिला दोन हातांनी दाखवत होते. तिने त्यांचे गुडघेही तपासून घेतले.

दिवस फार थोडे उरलेत. पण माझी खात्री आहे. म्हणजे आज संध्याकाळी थोडी कमी आहे, तरी आहे.

१३ मे

निघाला.

मुकादम पाचव्या आकाराचा आकडा लावत होता तेव्हा अप्पा खुर्चीतून म्हणाले, तोंड चेपलेलं आहे, वरच्या बाजूला. मी त्या दिवशी घाईत घण घातला होता. बाहेरून धरू नका, आतून धरा. दोनशे बारावर नाही, दोनशे चौदावर धरा, तिथे नळी शाबूत आहे. सेहेचाळीस वर्षांनी. आणि मी या माणसाला घड्याळ काढायला नेलं होतं.

आतून धरणारा आकडा सोडला. मुकादमाने हाताने लगाम धरावा तशी तार धरली, अप्पांकडे बघितलं. अप्पांनी बोटाने खूण केली : सावकाश. तार ताणली, मनोरा कुरकुरला, काट्यावरचा भार चढत गेला आणि एकदम सैल झाला. निसटला असंच मला वाटलं. पण भार शून्यावर आला नाही. थोडा उरला होता, माशाएवढा.

नळी वर यायला संध्याकाळ झाली. मुकादम अप्पांपाशी गेला आणि वाकला, खरोखर कमरेत वाकला, आणि काहीतरी बोलला. यंत्राच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

२० मे

सिमेंट तळापासून वरपर्यंत. रजिस्टरात एकशे सहा पोती. तेव्हाची दोन, आताची एकशे सहा. चार दिवस सुकायला.

२४ मे

दाबाची चाचणी. नळीच्या तोंडावर झाकण लावून पाचशे पौंडांचा दाब दिला. नियम असा की अर्धा तास काटा हलता कामा नये. साहेब आले होते, बाई होत्या, रजिस्टर टेबलावर. संध्याकाळी सहा ते साडेसहा. काटा पाचशेवर होता तसाच. साहेबांनी हात मिळवला, पेन काढलं. चौदा तेव्हा अर्धवट बंद केल्याचं लेखी देणारे म्हणून अप्पांची सही हवी होती, मग बाईंची, मग माझी.

अप्पांनी पेन घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

“अर्धा तास कायद्याचा,” म्हणाले. “माझा उद्या सकाळपर्यंत.”

साहेबांनी मला डोळ्यांनी विचारलं. मी खांदे उडवले. पुढच्या महिन्याचा शेवट अजून दूर आहे. साहेब विश्रामगृहावर मुक्कामाला गेले, मनातून काय म्हणत असतील ते असो.

अप्पा खुर्ची घेऊन दाबाच्या गेजसमोर बसले. लेकीने औषधं दिली, शाल दिली, दटावलंही. ऐकेनात. मग सर आला. महिनाभर बापाशी कामापुरतंच बोलणारा माणूस. हातात शाळेची चौकटीची वही.

“बाबा, तुम्ही जाऊन पडा,” म्हणाला. “मी बघतो. पंधरा मिनिटांनी एकदा लिहितो.”

अप्पांनी त्याची वही उघडून बघितली. मग खुर्ची दिली.

२५ मे

सकाळी साडेसातला सगळे पुन्हा जमलो. सरांचे डोळे लाल. त्याने वही अप्पांच्या हातात दिली. बावन्न ओळी, प्रत्येक ओळीत वेळ, आणि वेळेपुढे एकच आकडा. अप्पांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट फिरवत वाचल्या, एकही सोडली नाही. शेवटी म्हणाले, अक्षर चांगलं आहे. सर हसला. तेवढंच झालं त्यांच्यात, निदान माझ्यासमोर.

मग अप्पा उठून गेजपाशी गेले, काच बोटाने वाजवून पाहिली. पाचशे. टेबलाशी आले. रजिस्टरमधल्या चौदापुढच्या ओळीत सही केली, सावकाश, नाव पूर्ण काढून, आणि खाली आजची तारीख घातली.

बाईंनी केली. साहेबांनी केली. अप्पांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. साइटवर होतो, सगळ्या लोकांसमोर.

“आता तू कर,” म्हणाले. “आधी वाच.”

वेल्डरचा माणूस झाकण घेऊन खोळंबला होता, ट्रक सुरू होता, अजून दोन विहिरी बाकी आहेत. मी खुर्ची ओढून बसले आणि पहिल्या ओळीपासून वाचलं. मग केली.